पहिलटकरणीच्या दारात

वऱ्हाडात पहिलं बाळंतपण माहेरी. मेहकरची लेक मलकापूरला दिलेली असो की चिखलीची जळगाव जामोदला, ओटी भरून झाली की बाप नाहीतर भाऊ न्यायला येतो. ती परत येते ती बाळ सव्वा महिन्याचं, कधी तीन महिन्यांचं झाल्यावर. या रिवाजात शहाणपण आहे. पहिल्या खेपेला भेदरलेल्या पोरीला आईजवळ नीट झोप लागते, ‘दूध येत नाही’ हे सासूपुढे सांगता येत नाही ते आईपुढे सांगता येतं. सरकारी वहीला मात्र हा रिवाज कधीच मानवला नाही. नाव नोंदलेलं सासरच्या उपकेंद्रात आणि कळा सुरू होतात माहेरच्या गावात. इकडची नर्स म्हणते, बाई गेली. तिकडची म्हणते, आमच्या यादीत नाही. ज्या महिन्यात आई आणि बाळ दोघांचाही जीव सगळ्यात जास्त धोक्यात असतो, नेमका तोच महिना दोन वह्यांच्या मधल्या फटीत पडतो.

गरीब घरातल्या या पहिलटकरणीच्या दारात सरकारने कुणीतरी जाणतं माणूस पाठवावं, ही कल्पना सव्वाशे वर्षांची आहे. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात ती कशी आली, कुठे अडली आणि शेवटी विदर्भाच्याच दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, कशी मार्गी लागली, याची ही हकीकत.

सुरुवात सुईणीपासून करावी लागते, कारण दारात आधीपासून तीच होती. व्हिक्टोरिया राणीच्या सूचनेवरून १८८५ मध्ये लेडी डफरिनच्या नावाचा फंड निघाला आणि मोठ्या शहरांत बायकांचे दवाखाने उभे राहिले. नागपुरात आज ज्याला डागा म्हणतात तेही मुळात डफरिनच. पण दवाखाना नागपुरात आणि बाळंतीण अजिंठ्याच्या डोंगराखालच्या खेड्यात, हे अंतर फंडाने मिटणारं नव्हतं. १९०३ मध्ये लेडी कर्झनने दाईंना शिकवण्यासाठी दुसरा फंड काढला. निजामाकडून कायमच्या भाडेपट्ट्याने घेतलेला वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला तोही त्याच साली. म्हणजे बुलढाण्याचा कारभार नागपूरहून चालू लागला तेव्हा ‘सुईणीला सुधारा’ हेच सरकारचं धोरण होतं.

ते जमलं नाही. इंग्रज डॉक्टरणींनी त्याचा दोष सुईणीच्या अडाणीपणावर टाकला. मला तो अर्धाच खरा वाटतो. नाळ कापणं, विटाळाची धुणी धुणं ही कामं ज्यांच्यावर जातीने लादली होती त्यांनाच वर्गात बसवून ‘स्वच्छ राहा’ असं शिकवायचं आणि गावाने त्यांच्याशी वागायची रीत तशीच ठेवायची, यात शिकणाऱ्याला मिळणार काय? सुईणीला मिळायची पायलीभर ज्वारी आणि एखादं जुनेर. साबण, उकळलेलं पाणी, धारदार पातं यांचा खर्च कुणी द्यायचा, हे कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हतं.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल आला. आरोग्यावर लिहिणारा प्रत्येक जण त्याचं नाव घेतो आणि ते घ्यावंही, कारण त्यातले आकडे अजूनही दचकवतात. हजार बाळंतपणांमागे सुमारे २० बायका मरत होत्या, जन्मलेल्या हजार मुलांपैकी १६२ वर्षाच्या आत जात होती. तीस कोटींच्या ब्रिटिश हिंदुस्थानात नर्सेस होत्या सात हजार, प्रसाविका पाच हजार आणि घरोघर जाऊन आई-बाळ पाहणाऱ्या हेल्थ व्हिजिटर अवघ्या साडेसातशे. भोर समितीने मागितलं ते असं: चाळीस हजार लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यात दोन डॉक्टर, चार प्रसाविका आणि चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका. या परिचारिकांनी खुर्चीवर बसून राहायचं नव्हतं, घरी जायचं होतं.

इंग्लंडमध्ये ही पद्धत तेव्हा जुनी झाली होती. मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमध्ये १८६२ पासून गरीब वस्तीत बायका पाठवल्या जात, आणि १८९० नंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या आग्रहाने त्यांच्यासाठी रीतसर शिक्षणही निघालं. पण तिकडे वस्ती गिरणीच्या भोवती दाटलेली असे, गल्लीत शिरलं की चाळीस दारं. सातपुड्याच्या पायथ्याच्या किंवा पैनगंगेच्या काठच्या गावांत एका दारापासून दुसऱ्या गावच्या दारापर्यंत दोन कोस आणि मध्ये पावसाळ्यात फुगलेला नाला.

भोर समितीने मागितलेल्या परिचारिका कधीच पुऱ्या पडल्या नाहीत. त्याऐवजी पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला दोन वर्षांचा आखूड अभ्यासक्रम निघाला, आणि त्यातून सहायक परिचारिका प्रसाविका तयार होऊ लागल्या. गावाने त्यांना ‘नर्सबाई’ म्हटलं, पुढे ‘सिस्टर’. २ ऑक्टोबर १९५२ ला सामुदायिक विकास योजना सुरू झाली, तिच्यासोबत प्राथमिक आरोग्य केंद्रं आली. वऱ्हाड १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, आणि १ मे १९६२ पासून ग्रामीण भागातली केंद्रं जिल्हा परिषदेकडे गेली. तेव्हापासून बुलढाण्याच्या खेड्यातल्या पहिलटकरणीच्या दारात येणारी सरकारी बाई म्हणजे जिल्हा परिषदेची नर्सबाई.

तिचं काम किती होतं, हे साध्या हिशेबाने कळतं. सुरुवातीला एका उपकेंद्राकडे दहा हजार माणसं असत. पुढे निकष सैल झाले आणि सपाट भागात पाच हजार, आदिवासी भागात तीन हजार ठरले. पाच हजारच धरले आणि त्या काळचा जन्मदर हजारी तीस-बत्तीस धरला, तर वर्षाला दीडशे-एकशेसाठ बाळंतपणं. प्रत्येकीकडे गरोदरपणात तीनदा आणि बाळंतपणानंतर तीनदा जायचं म्हटलं तरी साडेनऊशे खेपा. त्याही चार-पाच गावांत विखुरलेल्या आणि बऱ्याचशा पायी. शिवाय लसटोचणी, मलेरियाच्या रक्ताचे नमुने, क्षयाच्या गोळ्या आणि या सगळ्याची रजिस्टरं.

पण नर्सबाईची गृहभेट मेली ती ओझ्याने नाही. तिच्या हातात दुसरंच काम दिलं गेलं म्हणून मेली. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात कुटुंबनियोजनाचे उद्दिष्टांक आले. नर्सबाईचा पगार, बदली, बोलणी खाणं किंवा न खाणं, सगळं तिने वर्षात किती ‘केसेस’ दिल्या यावर ठरू लागलं. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्यात आलं नाही, एवढंच. आता या चौकटीत पहिलटकरीण बसवून पाहा. तिला एकही मूल नाही, दुसरं-तिसरं व्हायला वर्षं आहेत, म्हणजे उद्दिष्टाच्या दृष्टीने ती बिनकामाची. नर्सबाईची पावलं वळायची ती तीन लेकरांच्या आईकडे. आणि तीन लेकरांची आई काय करायची? नर्स गल्लीत दिसली की मागच्या दाराने शेतात. उद्दिष्टांकांची ही पद्धत सरकारने १९९६ मध्ये मागे घेतली, पण तोवर जवळजवळ तीस वर्षं गेली होती आणि नर्सबाई घरी येण्याचा अर्थ गावाच्या मनात पक्का झाला होता.

नर्सबाईची बाजूही सांगायला हवी. विशी-बाविशीची पोरगी, परक्या गावात, एकटी. उपकेंद्राची इमारत गावाबाहेर, कडी धड नाही, पाणी नाही. रात्री अडीचला कुणी पुरुष दार ठोठावून ‘चला’ म्हणाला तर जायचं की नाही? नगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, तेव्हा त्यांनीही आधी खेड्यांत अशाच नर्सेस ठेवून पाहिल्या. त्या रमल्या नाहीत, आणि गावातल्या बायकांनीही त्यांचं मनावर घेतलं नाही. अखेर आरोळ्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित, स्वतः चार लेकरं काढलेल्या. डॉक्टरांच्या दुनियेत याची चेष्टा झाली, मग कौतुक झालं, १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७७ मध्ये जनता सरकारने देशभर गावोगाव एक आरोग्यरक्षक नेमायची योजना काढली, ती अशाच प्रयोगांच्या हवेत. फक्त तिच्यात बहुतांश पुरुष नेमले गेले. पुरुष आरोग्यरक्षक बाळंतिणीच्या खोलीत शिरणार कसा, हा प्रश्न दिल्लीत कुणाला पडला नसावा.

त्याचं उत्तर पुढे गडचिरोलीत निघालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्य शिकून परतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत राहायला गेले. संस्थेचं नाव ‘सर्च’, पुढे तिचं ठिकाण ‘शोधग्राम’. गडचिरोली तेव्हा चंद्रपुरातून फुटून निघालेला चार वर्षांचा जिल्हा. बुलढाणा आणि गडचिरोली ही विदर्भाची दोन टोकं. एकीकडे कापूस-ज्वारीची काळी जमीन, दुसरीकडे धानाची बांधी आणि जंगल. पण बाळंतिणीच्या खोलीतला अंधार दोन्हीकडे सारखाच होता.

पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत भरला तो न्यूमोनिया. लेकरं त्याने मरत होती आणि ओळखायचा कसा हे गावात कुणाला कळत नव्हतं. ओळखायची खूण तशी सोपी, श्वास जलद होतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त, वर्षाच्या आतल्याचा पन्नास किंवा जास्त. पण ज्या सुईणीला दहापुढे मोजता येत नाही तिने साठ कसे मोजायचे? त्यावर बंगांनी एक श्वासमापक केला. मण्यांच्या दोन ओळी आणि मिनिटभराची वाळूची घडी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोहोचलात तर न्यूमोनिया. तान्ह्या बाळाची ओळ वेगळी, मोठ्याची वेगळी. लाल मणी आला की तोंडाने द्यायचं औषध सुरू. हे करून बालमृत्यू घटले, त्याचा अहवाल १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. या सगळ्या कथेतला मला सगळ्यात आवडणारा शोध हाच. ज्याच्या हातात तो द्यायचा त्याच्या अडचणीपासून तो सुरू झाला होता.

न्यूमोनियाचे मृत्यू कमी झाल्यावर उरले ते पहिल्या महिन्यातले. ते हलेनात. १९९३ ते ९५ या काळात नोंदी घेतल्या तेव्हा हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळं पहिल्याच महिन्यात जात होती. १९९५-९६ मध्ये ३९ गावांत जन्मलेल्या ७६३ बाळांची घरी जाऊन बारकाईने पाहणी झाली. ९५ टक्के घरीच जन्मलेली. ४२ टक्क्यांचं वजन अडीच किलोच्या आत. निम्म्याहून जास्त, ५४ टक्के, बाळांना उपचाराची गरज पडली होती, आणि नर्स किंवा डॉक्टरच्या हातचे उपचार मिळाले होते अडीच टक्क्यांच्या आसपास बाळांना. दवाखान्यात दाखल झालेली हजारात चार.

हे आकडे बुलढाण्याचे नाहीत. पण त्या काळच्या वऱ्हाडातल्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईला विचारलं तर ती त्यात आपलं घर ओळखेल. बाळ मोठं झालं तर अडेल या भीतीने गरोदर बाईने पोटभर न जेवणं, चीक पिळून टाकणं, दोन-तीन दिवस गुळाचं पाणी, जन्मल्याबरोबर आंघोळ, मग धुरी आणि शेकशेगडी. पाचवीच्या रात्री सटवाई नशीब लिहून जाते म्हणतात. बाळ पहिल्या आठवड्यात गेलं तर तिने तेवढंच लिहिलं होतं, एवढं बोलून घर कामाला लागायचं. पहिलटकरणीच्या बाबतीत तर रडायलाही मनाई. ‘अजून वय आहे’ म्हणून गप्प करायचे.

बंगांनी ३९ गावांत गावातलीच एकेक बाई निवडली. शिक्षण पाचवी ते दहावी. नाव दिलं ‘आरोग्यदूत’. शेजारची ४७ गावं तुलनेसाठी ठेवली, तिथे सरकारी सेवा होती तशीच चालू राहिली. कामाची वाटणी शहाणपणाने केली होती. बाळंतपणाच्या वेळी सुईण आईकडे बघणार, आरोग्यदूत बाळाकडे. सुईणीला हाकललं नाही, तिचा मान आणि तिची ज्वारी तिच्याकडेच राहिली. बाळ रडलं नाही तर तोंडातला चिकटा काढून नळी-मास्कने, पुढे फुगा-मास्कने श्वास द्यायचा. वजन करायचं, ताप बघायचा, बाळाला उबेत ठेवायचं, पहिल्या तासात अंगावर लावायचं. आणि मग महिनाभरात आठ-दहा वेळा घरी जायचं, शिवाय घरून बोलावणं आलं तर केव्हाही.

खरी ठिणगी पडली ती इंजेक्शनवरून. तान्ह्या बाळाच्या रक्तात जंतूंचा विषार पसरला की काही तासांत खेळ संपतो. पुस्तकात त्यावर एकच उत्तर, दवाखाना. दवाखान्यात लेकरू न्यायला कुणी तयार नव्हतं. पाचवी-सातवी शिकलेल्या बाईने काही ठरलेल्या खुणा बघायच्या: रडणं क्षीण झालं, दूध ओढणं मंदावलं, बाळ मलूल पडलं, अंग गार किंवा तापलेलं, पोट फुगलं, छाती आत ओढली जाते, बेंबीत पू. अशा दोन खुणा एकदम दिसल्या की दवाखान्यात न्या म्हणायचं. घरचे नाहीच म्हणाले तर त्यांच्या लेखी संमतीने जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि सोबत तोंडाने औषध. डॉक्टरी जगात यावर भुवया उंचावल्या. बाईने नस दुखावली तर? डोस चुकला तर? प्रश्न रास्त होते. फक्त ते विचारणाऱ्यांपैकी रात्री त्या गावात थांबायला कुणी तयार नव्हतं.

पहिलं वर्ष पाहणीत गेलं. दुसऱ्या वर्षी जंतुदोषावरचे उपचार सुरू झाले, तिसऱ्या वर्षी आयांना शिकवण्यावर भर दिला. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी आधी शंभरात सोळा-सतरा दगावत, उपचार सुरू झाल्यावर तीनच्या आत. तिसऱ्या वर्षाअखेर त्या ३९ गावांत पहिल्या महिन्यातले मृत्यू हजारी ६२ वरून २५ वर आले. तुलनेच्या गावांत ५८ चे ६० झाले, म्हणजे हलले नाहीत. ९३ टक्के बाळांपर्यंत आरोग्यदूत पोहोचली होती. एका बाळामागे खर्च सव्वापाच डॉलर. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापलं.

आता थोडं सातासमुद्रापलीकडे जाऊ, कारण तिकडे याच प्रश्नाचं उलटं उत्तर निघत होतं. डेव्हिड ओल्ड्स या मानसशास्त्रज्ञाने १९७७-७८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा या पडक्या गिरणगावात चारशे पहिलटकरणींवर प्रयोग सुरू केला. बहुतेक गरीब, पुष्कळशा विशीच्या आतल्या, नवरा नसलेल्या. शिकलेली नर्स गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत त्यांच्या घरी जायची. मुलांची हेळसांड घटली, आया सावरल्या, आणि परिणाम पंधरा वर्षांनीही दिसत होते. पहिलटकरीणच का? ओल्ड्सचं म्हणणं असं, की पहिल्या मुलाच्या वेळी बाई नवं शिकायला जितकी मोकळी असते तितकी पुन्हा कधी नसते. आपल्याकडच्या आज्या वेगळ्या शब्दांत हेच सांगत. पुढे डेन्व्हरमध्ये त्याने मुद्दाम ताडून पाहिलं, नर्सऐवजी साध्या शालेय शिक्षणाची बाई पाठवली तर? परिणाम जेमतेम अर्धा. त्याचा निष्कर्ष: नर्सच हवी.

डेन्व्हरची तशी बाई कमी पडते आणि गडचिरोलीची पुरून उरते, हे कसं? कामंच वेगळी होती, हे पहिलं कारण. एल्मायरात बाळ मरत नव्हतं, आई एकटी पडत होती. तिला धीर द्यायला नर्सचा पोशाख, तिचं ज्ञान, तिचा दरारा लागायचा. गडचिरोलीत बाळ मरत होतं, आणि त्याला वाचवायला लागणारं कौशल्य एवढं काटेकोर बांधून दिलं होतं की ते सातवीच्या शिक्षणात मावत होतं. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. आरोग्यदूत वाऱ्यावर सोडलेली नव्हती. तिच्यामागे दर पंधरवड्याला गावात येणारा पर्यवेक्षक, पिशवीत कधी न संपणारं औषध आणि शोधग्रामचा दवाखाना होता. पुढे सरकारने ‘गडचिरोली मॉडेल’ उचललं तेव्हा बाई उचलली, पिशवी उचलली, आणि तिच्यामागचं हे सगळं वाटेत सांडलं.

उचलायलाही सरकारला वेळ लागला. २००१ मध्ये बंग आणि राज्यातल्या संस्थांनी मिळून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. महाराष्ट्रात सरकारी कागदावर दिसतात त्याहून कितीतरी जास्त बालमृत्यू होतात, हे त्यात मोजून दाखवलं होतं. विधिमंडळात गदारोळ झाला आणि बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली गेली. ‘अंकुर’ या नावाने सात संस्थांनी महाराष्ट्राच्या वेगवेगळ्या भागांत तोच प्रयोग करून पाहिला, आणि तिथेही मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यासोबत गावातलीच आरोग्य कार्यकर्ती, ‘आशा’. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळाच्या घरी भेट द्यावी असं संयुक्त निवेदन काढलं. २०११ मध्ये भारत सरकारने आशांसाठी गृहभेटींचं वेळापत्रक ठरवलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी झालं असेल तर पहिला दिवस वाढीव. या सगळ्याचे मिळून अडीचशे रुपये.

आशा निवडताना ती त्या गावची सून असावी असं पाहिलं जातं, कारण लेक लग्न होऊन जाते. नियम शहाणा आहे. पण पहिलटकरीण सुटते ती इथेच. आशाताईने नऊ महिन्यांतले सात महिने जिची ओळख वाढवली, लोहाच्या गोळ्या चालू ठेवायला लावल्या, सासूला समजावलं, तीच ऐन वेळी दुसऱ्या गावच्या आशेच्या हाती जाते, आणि त्या दुसरीने तिला शाळकरी पोर असताना शेवटचं पाहिलेलं. चांगल्या आशा फोन करून कळवतात. दोघींपैकी पैसे कुणाच्या नावावर, हा प्रश्न मग उरतो. २०१७ ची प्रधानमंत्री मातृवंदना योजना तर मुख्यतः पहिल्या बाळंतपणासाठीच निघाली, पाच हजार रुपये. पण आधार कार्डावर माहेरचं आडनाव, नोंद सासरी, खातं भलत्याच बँकेत, या गाठी सोडवता सोडवता बाळ रांगायला लागतं.

लोणार, सिंदखेड राजा या भागातून पोटासाठी ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या जोडप्यांची पोरगी तर कुणाच्याच यादीत नसते. उत्तरेला सातपुड्यात भिंगारा, चाळीसटापरी, गोमाल अशा आदिवासी वस्त्या. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांची ही किनार म्हणजे मेळघाटाचाच पायथा. तिथल्या बाळंतिणीला तालुक्याला आणणं आजही चार माणसांचं काम आहे.

दरम्यान बाळंतपणच घराबाहेर गेलं. १९९२-९३ मध्ये महाराष्ट्रात शंभरातली ४४ बाळंतपणं दवाखान्यात होत, २०१९-२१ च्या पाहणीत ती ९५ च्या घरात गेली. राज्यात पहिल्या महिन्यातले मृत्यू २०२० मध्ये हजारी ११ वर आले. याचं श्रेय एकट्या गृहभेटीला देणं अन्याय्य ठरेल. रस्ते, मोफत रुग्णवाहिका, नवजात कक्ष, मुलींचं शिक्षण, सगळ्यांचाच हात त्यात आहे. पण दवाखान्यातून बाई दोन-तीन दिवसांत घरी येते, आणि पुढचे सत्तावीस दिवस पूर्वीसारखेच घरात जातात. आणि बुलढाण्यापुरती एक कडू गोष्ट: २०११ च्या जनगणनेत इथे सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८५५ मुली होत्या, २००१ मध्ये ९०८. जिजाऊंच्या सिंदखेडचा हा जिल्हा. जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा जाते. जी जन्मूच दिली नाही तिच्यासाठी कुठलंच वेळापत्रक नाही.

गडचिरोलीत गावच्या बायकांनी १९९६ मध्ये जे इंजेक्शन दिलं, त्याची परवानगी केंद्र सरकारने २०१४ मध्ये नर्सबाईला दिली. आशेला अजूनही नाही. तिच्याकडे वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ आणि रजिस्टर आहे. त्याशिवाय क्षय, कुष्ठ, डेंग्यू, आयुष्मान कार्डं, कोविडात तर घरोघरी तापमापक घेऊन फिरणं. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाख आशांना गौरवलं. त्याच आशा महाराष्ट्रात २०२१ मध्ये संपावर होत्या, २०२३ आणि २०२४ मध्ये पुन्हा. मागणी मोबदल्याची.

मोबदल्याच्या त्या अडीचशे रुपयांना २०११ च्या सूचनांनी अटी जोडल्या होत्या. बाळाचं वजन कार्डावर हवं, जन्माची नोंद हवी, पहिल्या लसी झालेल्या हव्यात, आणि बेचाळिसाव्या दिवशी आई आणि बाळ दोघंही सुखरूप हवेत. म्हणजे बाळ अकराव्या दिवशी गेलं तर आधीच्या खेपा फुकट. गडचिरोलीत अशा घरी ‘सर्च’ची माणसं आवर्जून जात, आईशी तासभर बोलत, काय काय झालं ते क्रमाने लिहून घेत, हजारी ६२ हा आकडा आणि त्यामागची कारणं त्याच बोलण्यातून हाती आली होती. आता त्यासाठी बालमृत्यू अन्वेषणाचा सरकारी फॉर्म आहे. आशेने कळवायचं, आणि नर्सबाईने त्या घरी जाऊन तो भरायचा. मूल गेलेल्या पहिलटकरणीकडे त्यानंतर पुन्हा कधी जायचं, याचा रकाना त्या फॉर्ममध्ये नाही.